विश्लेषण : स्पोर्ट्स कार सकाळी सुरू होताच एवढी का गरजते? ‘स्विचेबल एक्झॉस्ट’चा बिघाड कसा ओळखावा?

रात्रभर उभी असलेली स्पोर्ट्स कार सकाळी सुरू केली की पहिले काही सेकंद ती अक्षरशः गरजते. काही गाड्यांत हा आवाज मिनिटभरात आपोआप खाली येतो. काहींत तो येत नाही. बटण दाबून ‘शांत’ मोड निवडला तरी फरक पडत नाही. मालक गाडी घेऊन गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले असते आणि बिघाड गायब झालेला असतो. मग कुणी अख्खा सायलेन्सर बदलायला सांगतो, कुणी फ्यूज काढून टाकायला. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. हा आवाज कितपत रचनेचा भाग आणि कितपत बिघाड, तो कसा शोधायचा आणि त्यात कोणते धोके टाळायचे, याविषयी...

स्विचेबल एक्झॉस्ट म्हणजे काय?

साध्या गाडीत इंजिनातून निघालेला धूर एकाच ठरलेल्या वाटेने बाहेर पडतो. स्विचेबल एक्झॉस्टमध्ये सायलेन्सरच्या आत दोन वाटा असतात. एक लांबची, कप्प्या-कप्प्यांतून आणि छिद्रांच्या नळ्यांतून जाणारी. तिथे आवाज जिरतो. दुसरी जवळची, जवळपास सरळ बाहेर काढणारी. या दुसऱ्या वाटेवर चकतीसारखी एक झडप असते. ती बंद असली की धूर लांबच्या वाटेने जातो आणि गाडी शांत राहते. उघडली की धुराला अडथळा कमी आणि आवाज मोठा.

ही झडप दोन प्रकारे हलवली जाते. जुन्या पद्धतीत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढते तेव्हा तयार होणाऱ्या पोकळीवर ती चालते. एका डबीतला रबरी पडदा या व्हॅक्यूमने ओढला जातो, पडद्याला जोडलेली सळई झडप फिरवते. शेवरोले कॉर्व्हेटच्या सहाव्या पिढीतील ड्युअल मोड एक्झॉस्ट, अॅस्टन मार्टिनची व्ही ८ व्हँटेज, पोर्शे ९११ च्या ९९७ पिढीतील स्पोर्ट्स एक्झॉस्ट ही या पद्धतीची माहितीतली उदाहरणे. नव्या पद्धतीत झडपेवर छोटी विजेची मोटर बसवलेली असते. फोर्ड मस्टँगच्या २०१८ च्या मॉडेलपासून मिळणारा अॅक्टिव्ह एक्झॉस्ट या प्रकारचा.

कोल्ड स्टार्ट म्हणजे हिवाळ्यातला स्टार्ट?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे बराच आढळतो. इंजिन बराच वेळ बंद राहून आतले कूलंट, तेल आणि धातू बाहेरच्या हवेइतके थंड झाले असतील, तर त्यानंतरचा स्टार्ट हा कोल्ड स्टार्टच. चालू इंजिनाचे कूलंट साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे मे महिन्यात नागपुरात सकाळी ३० अंश तापमान असले, तरी रात्रभर उभी असलेली गाडी इंजिनाच्या दृष्टीने ‘थंड’च असते. युरोपातील डब्ल्यूएलटीपी या प्रदूषण चाचणीतही गाडी २३ अंशांत उभी ठेवूनच कोल्ड स्टार्ट मोजला जातो. म्हणजे हा प्रश्न बर्फाळ देशांपुरता नाही. मुंबई-पुण्यातल्या गाड्यांनाही तो रोज सकाळी भेटतो.

थंड इंजिन मुद्दाम आवाज का करते?

कारण गाडीला आपला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकरात लवकर तापवायचा असतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निरुपद्रवी करणारा हा भाग थंड असताना जवळपास काहीच काम करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तो कामाला लागतो. म्हणून आधुनिक पेट्रोल गाडीच्या एका फेरीतल्या हायड्रोकार्बन प्रदूषणाचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो.

तो काळ कमी करण्यासाठी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, तीन गोष्टी करतो. पहिली, आयडलिंग वाढवतो. एरवी ७००-८०० आरपीएमवर फिरणारे इंजिन १,१०० ते १,५०० वर फिरते. दुसरी, ठिणगी उशिरा टाकतो. त्यामुळे इंधन उशिरा जळते, त्यातली उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी धुराबरोबर एक्झॉस्टमध्ये जाते आणि कन्व्हर्टर तापतो. पण त्याच वेळी सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना आत दाबही जास्त उरलेला असतो. म्हणून प्रत्येक ठोका जोरात ऐकू येतो. तिसरी, काही गाड्यांत एक छोटा पंप एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडतो, म्हणजे उरलेले इंधन तिथेच जळावे. या पंपाचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. अनेक मालक तोच बिघाड समजून घाबरतात.

थोडक्यात, थंड इंजिनाचा पहिला गडगडाट हा केवळ हौसेचा भाग नाही. हवा स्वच्छ ठेवण्यासाठी गाडी जे करते, त्याचा तो परिणाम आहे. म्हणून तो पूर्ण बंद करण्याचा हट्ट चुकीचा, आणि तो कधीच न थांबणे हेही चुकीचे.

झडप सुरुवातीला उघडी का असते?

व्हॅक्यूमवरच्या बहुतेक यंत्रणांत झडप स्प्रिंगने उघडी धरलेली असते आणि व्हॅक्यूम मिळाला की बंद होते. असे उलटे का? यंत्रणा बिघडलीच तर झडप उघडी राहणे परवडते. ती बंद अडकली आणि चालकाने वेग वाढवला, तर धूर कोंडतो, ताकद घटते आणि उष्णता वाढते. म्हणून ‘बिघडल्यास उघडी’ हे धोरण.

रात्रभर इंजिन बंद असताना साठवलेला व्हॅक्यूम हळूहळू कमी होतो आणि झडप स्प्रिंगच्या जोरावर उघडते. सकाळी किल्ली फिरवताच इंजिन उघड्या वाटेने धूर सोडते. काही सेकंदांत व्हॅक्यूम तयार होतो, झडप मिटते आणि आवाज एकदम खाली येतो. ही ‘आधी गर्जना, मग शांतता’ अनेक गाड्यांत पूर्णपणे ठीक आहे.

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कन्व्हर्टर तापवताना ठिणगी उशिरा पडते, इंजिनाची ताकद घटते, म्हणून ईसीयू हवेचे दार, म्हणजे थ्रॉटल, जरा जास्त उघडतो. थ्रॉटल जास्त उघडला की व्हॅक्यूम कमी मिळतो. म्हणजे ज्या मिनिटाला आवाज सर्वात मोठा, त्याच मिनिटाला झडप मिटवणारी ओढ सर्वात कमी. रबरी नळीला बारीक चीर असेल, तर गरम इंजिनावर ती खपून जाते. थंड इंजिनावर मात्र झडप मिटतच नाही. गॅरेजमध्ये ‘गाडीला काही झालेले नाही’ असे उत्तर मिळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

मग बिघाड कशाला म्हणायचे?

आवाज किती मोठा, यापेक्षा तो कधी आणि कसा बदलतो, यावरून निदान होते. चार नमुने ओळखता आले तर अर्धे काम झाले.

१) सुरू होताच मोठा आवाज, काही सेकंदांत झडप मिटते, मिनिट-दीड मिनिटात आयडलिंगही खाली येते : हे सामान्य. काहीही बदलू नये.

२) थंड असताना झडप मिटत नाही, गरम झाल्यावर मिटते : व्हॅक्यूमची गळती किंवा झडपेच्या दांड्यावर साचलेला गंज आणि काजळी.

३) थंड असताना ठीक, पण अर्धा तास चालवल्यावर झडप उघडी राहते : उष्णतेने सैल पडणारा रबरी पडदा, तापल्यावर बंद पडणारा सोलेनॉइड किंवा प्रसरण पावून अडकणारी झडप.

४) थंड असो वा गरम, बटणाचा काहीच परिणाम नाही : फ्यूज, वायरिंग, सोलेनॉइड किंवा पूर्ण जाम झालेली झडप. गाडी जुनी घेतलेली असेल, तर आधीच्या मालकाने यंत्रणा जाणूनबुजून निकामी केलेली असण्याचीही शक्यता.

पाचवी एक तक्रार वेगळी : सुरुवातीच्या चढ्या आयडलिंगला पत्रा थरथरल्यासारखा खरखर आवाज, जो नंतर जातो. तो बहुधा झिजलेल्या दांड्याचा. धातू तापून फुगला की फट भरते आणि खरखर थांबते.

तपासणीचा क्रम कोणता?

तत्त्व एकच : फुकटची तपासणी आधी, स्वस्त नंतर, महाग शेवटी. आणि सगळी तपासणी थंड गाडीवर. त्यासाठी गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये सोडणे उत्तम. सकाळी चालवत नेली की पुरावा वाटेतच पुसला जातो.

पहिली पायरी, मोबाइल. गाडीच्या मागे मोबाइल ठेवून सलग दोन-तीन सकाळी सुरुवातीच्या दोन मिनिटांचा व्हिडीओ घ्यावा. आवाज कितव्या सेकंदाला बदलला आणि तेव्हा आरपीएम किती होते, हे लिहून ठेवावे. मेकॅनिकला ‘आवाज जास्त येतो’ सांगण्यापेक्षा ‘४० सेकंद झाले तरी झडप मिटत नाही’ हे सांगणे कितीतरी उपयोगाचे.

दुसरी पायरी, मोड. काही गाड्या बंद करताना निवडलेला मोड लक्षात ठेवतात, काही दर वेळी मूळ मोडवर येतात. काहींत शांत स्टार्टची वेळ मेन्यूत ठरवावी लागते. मालकाच्या पुस्तिकेतले ते पान वाचण्याआधी पाना हातात घेऊ नये.

तिसरी पायरी, डोळे. अनेक गाड्यांत मागच्या नळीतून किंवा गाडीखालून झडपेची सळई दिसते. इंजिन बंद असताना, सुरू होताना आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटाने ती कुठे आहे ते पाहावे. यासाठी दुसऱ्या माणसाने गाडी सुरू करावी. फिरत्या भागांजवळ आणि तापणाऱ्या नळीजवळ हात नेऊ नये.

चौथी पायरी, फ्यूज आणि नळ्या. फ्यूज जागेवर आहे का, व्हॅक्यूमच्या नळ्या जोडलेल्या आहेत का, हे पाहावे. झडप कायम उघडी राहावी म्हणून काही हौशी मालक नळी उपसून तिच्या तोंडात स्क्रू किंवा गोल्फचा चेंडू ठेवायची छोटी खुंटी बसवतात. गाडी विकताना ती काढायची राहते आणि नवा मालक ‘बिघाड’ शोधत बसतो. सायलेन्सरजवळच्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. हाताने वाकवल्यावर तडा दिसला, तर तेवढीच नळी बदलावी. ती झडपेच्या तुलनेत अगदी स्वस्त असते.

पाचवी पायरी, व्हॅक्यूमचा हातपंप. घड्याळ बसवलेला हा छोटा पंप अनेक गॅरेजमध्ये असतो. झडपेच्या डबीची नळी काढून तिथे पंप जोडायचा, साधारण १५ ते २० इंच पारा एवढा व्हॅक्यूम द्यायचा आणि मिनिटभर थांबायचे. काटा घसरला तर डबीतला पडदा फाटला आहे. काटा स्थिर राहिला पण सळई हलली नाही, तर झडप जाम आहे. काटा स्थिर आणि झडपही मिटली, तर डबी आणि झडप दोन्ही निर्दोष. दोष मग मागे, म्हणजे सोलेनॉइड, व्हॅक्यूमची टाकी, एकदिशा व्हॉल्व्ह किंवा मधल्या नळ्यांत. एका मिनिटाची ही चाचणी सर्वात महागडा गैरसमज टाळते : सायलेन्सर बदलण्याचा.

इंजिनाकडून मिळणारा व्हॅक्यूम मोजताना गावाची उंचीही ध्यानात घ्यावी. समुद्रसपाटीला निरोगी, गरम इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २२ इंच व्हॅक्यूम देते. दर हजार फुटांना हा आकडा सुमारे एक इंचाने घटतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे तिथे मुंबईपेक्षा दीड-दोन इंच कमी मिळणे स्वाभाविक. महाबळेश्वरला त्याहूनही कमी. मुंबईत कशीबशी मिटणारी झडप घाटावर मिटली नाही, तर गळती आधीपासूनच होती असे समजावे.

सहावी पायरी, सोलेनॉइड. विजेच्या संकेतावर व्हॅक्यूमची वाट उघडणारा-मिटणारा हा छोटा भाग. मोड बदलताना त्याचा ‘टिक’ आवाज यावा. येत नसेल तर मल्टिमीटरने त्याच्या कनेक्टरवर सुमारे १२ व्होल्ट पोहोचतात का ते पाहावे. व्होल्ट पोहोचतात आणि तो हलत नाही, तर सोलेनॉइड गेला. व्होल्टच नाहीत, तर वायरिंग, बटण किंवा ईसीयूकडे पाहावे. एक पथ्य : काही गाड्या फक्त विशिष्ट आरपीएम किंवा वेगालाच संकेत बदलतात, त्यामुळे उभ्या गाडीत संकेत आला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये.

सातवी पायरी, जाम झडप. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. गाडी लांब चालली की ते वाफ होऊन निघून जाते. रविवारी सकाळी दहा मिनिटे फिरवून परत झाकून ठेवलेल्या गाडीत मात्र ते सायलेन्सरमध्येच थांबते. त्यात मुंबई-कोकणची दमट, खारी हवा. झडपेचा दांडा गंजतो, वर काजळी बसते. अशा वेळी थंड गाडीत गंज सोडवणारा स्प्रे मारून झडप हाताने हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवावी, ती मोकळी झाली की उच्च तापमान सोसणारे वंगण अगदी थोडे लावावे. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. ते जळून कोळसा होते आणि झडप पुन्हा, आधीपेक्षा घट्ट, अडकते. त्यानंतर दर आठवड्याला गाडी अर्धा तास सलग चालवणे आणि त्यात दोन्ही मोड वापरणे, हा सर्वात स्वस्त इलाज.

विजेवरची झडप असेल तर?

क्रम तोच, साधने वेगळी. मोटर असलेल्या झडपेत ईसीयू तिची स्थिती तपासत असतो. ती अपेक्षित जागी पोहोचली नाही तर दोषाचा कोड नोंदवतो. म्हणून इथे सुरुवात स्कॅनरने करावी. कोड वाचावा, तो कितव्या वेळी आणि किती तापमानाला नोंदला गेला तेही पाहावे. मग स्कॅनरवरूनच झडप उघड-मीट करून पाहावी.

झडप हलली नाही तर लगेच मोटर मागवू नये. मोटर उकलून झडप थंड अवस्थेत हाताने फिरवावी. हाताला जड लागली, तर मोटर चांगली आहे आणि झडप जाम आहे. नवी मोटर बसवली तरी तीही त्याच ओझ्याने दमेल. झडप हलकी फिरली, तर दोष मोटर किंवा कनेक्टरमध्ये. पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज दिसणे हे नेहमीचे. बॅटरी अशक्त असेल, तर स्टार्टच्या क्षणी व्होल्टेज खाली जाते आणि तेवढ्यापुरते चुकीचे कोड येतात. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत म्हणून आधी बॅटरी तपासावी.

आवाज झडपेचा नसेल तर?

ही शक्यता विसरली जाते आणि ती सर्वात गंभीर आहे. थंड असताना ‘टक् टक् टक्’ असा, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आणि पाच-दहा मिनिटांत तो गायब, हे लक्षण बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचे असते. गास्केट फुटलेले असते किंवा बोल्ट तुटलेला असतो. धातू तापून फुगला की फट बुजते. मागे सायलेन्सरकडे कान लावून ही गळती सापडत नाही; ती पुढे, इंजिनाजवळ असते.

ती दुर्लक्षित केली तर दोन नुकसाने होतात. फटीतून बाहेरची हवा आत जाऊन ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. दुसरे म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, म्हणजे अजिबात न शुद्ध झालेला धूर इंजिनाभोवती पसरतो आणि तिथून गाडीच्या आतही येऊ शकतो.

तपासणीत जिवाचा धोका कुठे आहे?

बंद जागेत. थंड कन्व्हर्टर काम करत नसल्याने सुरुवातीच्या मिनिटांतील धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण एरवीपेक्षा बरेच जास्त असते. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे जाणवेपर्यंत माणसाची सावधता कमी झालेली असते. शटर लावलेले गॅरेज, बंगल्याची बंदिस्त पार्किंग, हवा न खेळणारे तळघर या ठिकाणी ‘पुन्हा एकदा सुरू करून बघू’ असे करत वीस मिनिटे इंजिन चालवणे जीवघेणे ठरू शकते. दार अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. तपासणी मोकळ्या जागेतच करावी, आणि गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून नव्हे, खाली स्टँड लावून.

फ्यूज काढण्याचा ‘जुगाड’ का टाळावा?

फ्यूज काढला किंवा नळी उपसली की झडप कायम उघडी राहते, बटणाचा प्रश्न संपतो आणि आवाजही ‘भारी’ येतो. त्यामुळे हा उपाय जगभरच्या हौशी मालकांत लोकप्रिय आहे. पण त्यातून बिघाड सुटत नाही, फक्त झाकला जातो. उघड्या तोंडाची नळी इंजिनात अवांतर हवा ओढू देते आणि आयडलिंग बिघडवते. एका फ्यूजवर दुसरी यंत्रणाही असू शकते. वापरात नसलेली झडप काही महिन्यांत खरोखर जाम होते. आणि मूळ दोष व्हॅक्यूमच्या गळतीचा असेल, तर काही गाड्यांत त्याच व्हॅक्यूमवर चालणारे इतर भागही हळूहळू त्रास देऊ लागतात.

उलट टोकही तितकेच चूक. झडप कायमची बंद बांधून ठेवली तर शेजारी खूश होतात, पण जास्त वेगाला धूर कोंडतो.

कायदा काय सांगतो?

युरोपीय संघाच्या २०१४ च्या ५४० क्रमांकाच्या नियमावलीनुसार, चालकाला मोड बदलता येणारा एक्झॉस्ट प्रत्येक मोडमध्ये आवाजाच्या मर्यादेत बसला पाहिजे आणि नोंद सर्वात मोठ्या आवाजाच्या मोडची केली पाहिजे. म्हणजे ‘स्पोर्ट’ बटण हा कायद्यातून निसटण्याचा मार्ग नाही. मात्र ही चाचणी तापलेल्या, धावत्या गाडीवर होते. पहाटेच्या कोल्ड स्टार्टचा आवाज तिच्यात मोजलाच जात नाही. ज्या मिनिटाला शेजाऱ्यांची झोप मोडते, नेमके तेच मिनिट नियमाबाहेर राहिले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात साध्या मोटारींच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे आणि २०१९ पासून ती ओलांडल्यास ‘दुरुस्त करून आणा’ अशी सवलत न देता थेट दंड लागू झाला.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधोरेखित केले. कलम १९०(२) नुसार आवाज आणि हवा प्रदूषणाच्या निकषांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. पीयूसीच्या तपासणीत मात्र पेट्रोल गाडीचा धूर मोजला जातो, आवाज नाही. त्यामुळे पीयूसी आहे म्हणजे एक्झॉस्ट नियमात आहे, असा अर्थ काढता येत नाही.

उपाय कुणाच्या हातात?

काही कंपन्यांनी तो शोधला आहे. फोर्डने २०१८ च्या मस्टँगसाठी ‘क्वाएट स्टार्ट’ आणला, त्याची कथा कंपनीनेच सांगितली होती : फोर्डच्याच एका वरिष्ठ अभियंत्याची शेल्बी मस्टँग घराबाहेर काढताना एवढी गरजली, की शेजाऱ्याने पोलिसांना बोलावले. या सोयीत चालक वेळ ठरवून ठेवतो. त्या वेळेत गाडी सुरू केली तर झडप बंदच राहते. कंपनीच्या सांगण्यानुसार त्यामुळे सुरुवातीचा आवाज ८२ वरून ७२ डेसिबलवर येतो. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. जग्वारने २०२० मध्ये सुधारित एफ-टाइपमध्ये याहून सोपी वाट निवडली : शांत स्टार्ट हाच मूळ पर्याय, मोठा आवाज हवा असेल तर चालकाने मागायचा.

हीच वाट योग्य आहे. कन्व्हर्टर तापवण्यासाठी आयडलिंग वाढणे आणि ठिणगी उशिरा पडणे आवश्यक आहे; सायलेन्सरची झडप सताड उघडी असणे आवश्यक नाही. विजेवरच्या झडपा आल्यापासून ‘व्हॅक्यूम तयार व्हायला वेळ लागतो’ ही सबबही उरलेली नाही. थंड स्टार्टला झडप बंद ठेवणे हे नियमानेच बंधनकारक केले, तर स्वच्छ हवा आणि शेजाऱ्याची झोप यांत निवड करावी लागणार नाही.

तोवर जबाबदारी मालकाची आणि मेकॅनिकची. गाडी गरजते म्हणून ती बिघडलेली नसते, आणि आवाज आवडतो म्हणून ती धडधाकट नसते. दोन मिनिटांचा व्हिडीओ, एक हातपंप आणि थंड गाडीवरची अर्ध्या तासाची तपासणी एवढ्यात बहुतेक निदान होते. सायलेन्सर उतरवण्याची पाळी त्यानंतर, आणि तीही क्वचितच.